पेमाची मुलगी

उज्जैन,
१२ डिसेंबर १९६३

प्रिय नंदा,

नवं राज्य झालं आणि जावईबापूंचं दफ्तर ग्वाल्हेरहून भोपाळला गेलं, तेव्हा वाटलं, तू आता जवळ आलीस, लिहायची गरजच उरणार नाही. पण आज कुठून सुरुवात करू तेच कळत नाही.

तिबेटातून आलेल्या पेमाला तू ओझरतंच पाहिलंस. देवास गेटच्या आपल्या जडीबुटीच्या दुकानात ती पहिल्यांदा आली, ती कुटकीच्या पोत्यात हात घालून उभीच राहिली. मुळी हुंगली, चावली आणि रडायलाच लागली. तुझे नाना घाबरले. तिची चिमुरडी यांगचेन हिंदीत म्हणाली, "ये हमारे पहाड़ का है." नानांनी पेमाला मुळ्या निवडायला ठेवून घेतलं. बी गळल्याशिवाय मुळी खणायची नाही, थोडी मातीत राहू द्यायची, हे ती हातवारे करून दाखवायची. शिप्रेकाठी मायलेकी एकेक पान हुंगून, चाखून बघायच्या. बथुआ, म्हणजे आपला चाकवत, सापडला तेव्हा टाळ्या पिटून हसल्या. तिकडे रानात तो खुडून खातात म्हणे. शेंडे घ्यायचे, झाड ठेवायचं.

आषाढात पेमा तिच्या माणसांबरोबर सरगुज्याकडे, मैनपाटच्या तिबेटी वसाहतीत निघाली. तिथे अजून शाळा नाही, म्हणून तिनं मुलीला माझ्याजवळ ठेवलं. बर्फ पडला की येते, म्हणाली. मैनपाटला बर्फ कुठला गं? तिला ठाऊक नव्हतं, की ठाऊक असून म्हणाली? मी विचारलं नाही. मला विचारायचंच नव्हतं का?

गेल्या आठवड्यात यांगचेनला ताप चढला. डॉक्टरांचं औषध चालू होतं, तरी कुटकीचं पाणी दे म्हणून हटून बसली. कडू जहर ते! घोट घोट प्यायली आणि डोळे मिटून म्हणाली, "आमा." त्यांच्याकडे आईला म्हणतात तसं. हाक कुणाला मारली, कोण जाणे. मी ओ दिली.

ताप उतरला, पण माझं मन थाऱ्यावर नाही. तिची वेणी घालताना वाटतं, पेमा येऊच नये. आणि लगेच स्वतःचीच भीती वाटते. नाना म्हणतात, "राहू दे, इथे तिचं भलं होईल." तेही खरंच वाटतं.

म्हणून हे पत्र. मी यांगचेनला घेऊन मैनपाटला निघते आहे. तू नानांजवळ येऊन राहा. पोरीला समोर उभं करीन, पेमाला नीट विचारीन आणि ती म्हणेल ते ऐकेन. परतताना माझ्याबरोबर कुणी असावं असं मला वाटतं का, हे मात्र विचारू नकोस. मला सांगता येणार नाही.

तुझीच, गोंधळलेली
आई