न जुळणारा नंबर

कॉव्हेंट्री,
घटस्थापना

प्रिय मधू,

गुडघा काय म्हणतो तुझा? जिना बसून उतरतेस असं कस्तुरी म्हणाली. दिसायला कसंही दिसो, तसंच उतर, सुनेसमोर लाजू नकोस. स्वानंदची पाठ सुटली का? त्याला म्हणावं, मिल्टन कीन्ससारख्या गावात दाराबाहेर चालायला न् सायकलीला एवढे रेडवे करून ठेवलेत ते काय लॅपटॉपला फिरवायला? कस्तुरीची अर्धशिशी थांबली असेल अशी आशा करतो. आणि आमच्या अन्वीचा पुढचा दात आला, की अजून खिडकी उघडीच आहे? माझं म्हणशील तर साखर थोडी वर आहे, झोप थोडी खाली आहे, एकूण बेरीज ठीक.

काल तुझा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला. फोनच करणार होतो, पण तुझा फोन कायम स्पीकरवर, आणि अतुलराव गेल्यापासून आपण दोघंही सर्दी झाल्याचं सोंग करत बोलतो. कागदावर तसं सोंग करावं लागत नाही. रीडिंगचं तुमचं घर बघायला माणसं येऊ लागली, पुण्यात वरदाच्याच सोसायटीत फ्लॅट मिळतोय, नाताळाच्या आत निघायचं, हे सगळं तू इतक्या सरळ आवाजात सांगितलंस, जणू घरातलं दूध संपलंय. वरदा आपली मावसबहीण असली तरी तिच्याशी तुझं दोन दिवसांच्या वर कधी पटलं नाही, हे मी बोलणार नव्हतो. बोललो.

तुझा आवाज फिरला तो रिव्हॉल्वरपाशी. स्वानंदने अतुलरावांचा तो जुना अमेरिकन रिव्हॉल्वर लिलावात द्यायला नेला, तिथल्या बाईंनी भिंग लावून पाहिलं आणि गोळ्या भरायच्या सिलिंडरवरचा नंबर बाकीच्या नंबरांशी जुळत नाही म्हणाल्या. दोन हत्यारं मोडून एक केलंय, म्हणून माल दुय्यम. स्वानंद लगेच म्हणाला, बाबांना कुणीतरी गंडवलं. आणि तूसुद्धा म्हणालीस, दादा, जन्मभर लोकांची नाडी बघितली, पण एक दुकानदार ओळखता आला नाही रे ह्यांना. मधू, तुझ्या नवऱ्याला कुणीही गंडवलेलं नाही. ते सिलिंडर माझं आहे.

तुला आठवतं, आम्हा दोघांना हे वेड एकदमच लागलं. मी बसडेपोत इंजिनं खोलणारा, ते डॉक्टर, पण शनिवारी जुन्या हत्यारांच्या जत्रेत दोघेही सारखेच भुकेले. मी डिक्शनरी मांडीवर घेऊन त्या काळाची पुस्तकं वाचली. पश्चिमेकडच्या उजाड मुलखात शेरीफ आणि दरोडेखोर एकाच कारखान्याचे रिव्हॉल्वर कमरेला लावून फिरत, याची मला फार गंमत वाटायची. आमचे दोन्ही कोल्ट नेव्ही, एकाच मॉडेलचे, सिलिंडरवर जहाजांची लढाई कोरलेली. गोळी नाही, बार नाही, शोभेची वस्तू म्हणून इथे लायसन्सही लागत नाही. दर खंडेनवमीला तुमच्या डायनिंग टेबलवर जुनी चादर अंथरायची, पाचर ठोकून काढायची, नळी वेगळी, सिलिंडर वेगळं, तेलाचा बोळा फिरवायचा. झेंडूचं फूल वाहायचं, पण कुंकू खालच्या कागदाला, लोखंडाला नाही, हा अतुलरावांचा नियम. गंज चढतो, देवाला चालेल, मला नाही, म्हणायचे. आणि तू दारातून टोमणा मारायचीस, एकाला डास मारवत नाही, दुसरा इंजेक्शन देताना सॉरी म्हणतो, आणि म्हणे शस्त्रपूजा!

तुझी सुमनवहिनी गेली त्या वर्षीचं आता सांगतो. आजवर कुणाला सांगितलं नाही. सुमन नसलेल्या घरात मला चहासुद्धा गोड लागेना. घर विकायचं, सगळा संग्रह विकायचा आणि कोल्हापूरला जाऊन राहायचं असं मी ठरवलं. तिकडे माझं कोण होतं? कुणी नाही. पण इथून सुटायचं होतं. माझा कोल्ट घ्यायला एक माणूस तयारही झाला होता. दसऱ्याला कोल्ट घेऊन तुमच्याकडे आलो ते हे सांगायलाच. तू आत पुऱ्या तळत होतीस. अतुलरावांनी सगळं ऐकून घेतलं, एका शब्दाने अडवलं नाही. मंडळात सोनं म्हणून वाटायची ती कागदी पानं त्या वर्षी संपली होती. ते उठले, माझ्या कोल्टचं सिलिंडर काढून खिशात टाकलं, त्यांचं माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाले, शशीराव, सोनं घ्या. आता विकायला निघालात तर पहिलं गिऱ्हाईक नंबर बघेल. मग तुम्हाला माझ्याकडे यावं लागेल, आणि मी त्या दिवशी घरी नसेन.

मी जाम चिडलो. आठ दिवस बोललो नाही. मग एका रविवारी ते स्वतःच आले, फ्रीज उघडून बघितला, मला गाडीत घातलं आणि तुमच्याकडे जेवायला आणलं. पुढचा दसरा आला तेव्हा म्हणाले, हवं का परत? गॅसचं सिलिंडर असतं तर एव्हाना बुकिंग करून दुसरं मिळवलं असतं तुम्ही. मी म्हटलं, राहू दे. तोपर्यंत कोल्हापूरचं नाव मागे पडलं होतं. मी इथेच राहिलो ते त्या लोखंडाच्या तुकड्यामुळे नव्हे, हे मला कळतं. पण त्याने मला एक वर्ष थांबवून धरलं, आणि वर्षभरात माणूस पुन्हा जेवायला लागतो.

हे स्वानंदला वाचून दाखव. त्याला आपलं अक्षर लागत नाही, पण ऐकलेलं सगळं समजतं. बाप भोळा नव्हता, चांगला बिलंदर होता, एवढं त्याच्या कानावर जाऊ दे. एवढं ऐकूनही रिव्हॉल्वर विकायचाच म्हणाला, तर मी ट्रेनने येईन, अतुलरावांचं सिलिंडर परत बसवून देईन. सगळे नंबर जुळतील, माझी हरकत नाही.

पण मधू, रिव्हॉल्वरसाठी मी एवढी पानं लिहिली नसती. तू गेलीस की या देशात मला दादा म्हणून हाक मारणारं कुणी उरणार नाही. जाऊ नकोस म्हणायचा मला हक्क नाही. सुमन गेल्यावर मला कुणी तसं म्हटलं असतं तर मी दुसऱ्याच दिवशी विमानात बसलो असतो. म्हणून एवढंच सांगतो, माझी एक वस्तू तुझ्याकडे आहे आणि ती परत घ्यायला मी एवढ्यात येणार नाही. घराचा कागद एक वर्ष थांबव. त्यानंतरही पुणंच हवंसं वाटलं तर तुझ्या बॅगा मी स्वतः एअरपोर्टला उचलीन, कंबर गेली खड्ड्यात. नाही म्हणायचं असलं तरी चालेल, पण लवकर लिही. सकाळपासून पोस्टमनच्या वाटेकडे बघत बसायची सवय मला परवडणारी नाही.

तुझाच,
शशीदादा