खिळ्याला टांगलेली रोटी

शुक्रवार, १२ सप्टेंबर

उद्या मी गाइड! व्हॅन चालवणार मीच, पण गाइडसुद्धा मीच!!

टूर काढणाऱ्या शैलजाकाकू म्हणाल्या, "धर्मा, नीट निभावलंस तर दर शनिवारची टूर तुझी. घोळ घातलास तर परत पेट्रोल पंपावर जा."

पंप काय, हॉटेल काय, गोडाऊन काय. सगळं सोडून झालं. माझं बूडच कुठं टेकत नाही. हे मात्र टिकवायचंय. आठवीत शाळा सुटली, त्यानंतर पहिल्यांदा काहीतरी पाठ केलं. व्हिडिओ लावून लावून. समरकंद, बुखारा, रेशीम, डाळिंबं. व्हॅनमध्ये एकटाच बडबडत होतो. सिग्नलला बाजूची बाई बघत होती.

शनिवार, १३ सप्टेंबर

जमलं!

वेस्ट विंडसरहून व्हॅन भरून निघालो. सगळे काका-काकू मुलांकडे सहा महिने राहायला आलेले. मुलं दिवसभर मीटिंगमध्ये, नातवंडं इंग्लिशमध्ये. म्हणून ही टूर. ब्रुकलिनमध्ये नोदिरा आपा म्हणून उझबेक बाई आहेत, त्यांच्या घरी. आपा म्हणजे त्यांच्यात मोठी बहीण. हिंदी सिनेमे बघून बघून आपा मोडकंतोडकं हिंदी बोलतात. माझ्यापेक्षा बरं.

आधी भरतकाम दाखवलं. भिंतभर पडदा, लाल लाल फुलं, आणि एका कोपऱ्यात एक पान नुसतं रेखाटलेलं, भरलेलंच नाही. मुद्दाम सोडतात म्हणे. पुरं झालं की संपलं, म्हणून थोडं ठेवायचं. हे मी आधीच पाठ केलं होतं. काकूलोक म्हणाल्या, "बघा, किती माहिती आहे पोराला!" मी हसलो. ग्रुपमधल्या गिरिजामावशी लगेच, "हसताना तोंडावर हात धर रे, तो अर्धा दात दिसतो." समोरचा दात लहानपणी हापशावर आपटून तुटलाय. बरं, बोलल्या तर बोलल्या.

मग चहा. आपांनी वाटीसारख्या कपात पाव कपच ओतला. अरुणकाका म्हणाले, "एवढ्यात घसा तरी भिजेल का? ही बाई आमच्या पेठेतली दिसते!"

म्हणलं, "काका, यांच्यात चहा जितका कमी तितका मान जास्त. परत परत ओतायला मिळावं म्हणून. कप भरून दिला तर समजायचं, उठा आता."

"मग माझा मान जरा कमी करा म्हणावं!"

हशा!

आणि तेवढ्यात घोळ. दस्तरखान म्हणजे जेवणाची चादर अंथरली, आपा मागच्या अंगणात तंदूरकडे गेल्या, आणि गिरिजामावशींची नजर भिंतीवर गेली. तिथं खिळ्याला एक वाळकी गोल रोटी टांगलेली. एका बाजूनं चावा घेतलेला.

"अगंबाई! उष्टं! दात उमटलेत बघा. उष्टं कुणी भिंतीला टांगतं का? मी नाही हो जेवायची इथं."

बाकीच्यांचेही हात मागे गेले. माझी पहिली टूर! वाटलं, आपांनाही कळलं तर किती ओशाळं होईल. कोणीतरी पोरानं अर्धवट खाऊन ठेवली असणार. झटकन काढली, शर्टाखाली घातली, आणि बाहेरच्या पायऱ्यांवर गेलो. अन्न कचऱ्यात टाकवत नाही. लाकडासारखी कडक झाली होती, नळाखाली भिजवली, कुस्करून कबुतरांना घातली. पितृपक्ष चालू आहे, पाखरांच्या तोंडी गेलं तर चांगलंच.

आत आलो, म्हणलं, "बसा मावशी, आता काही नाही." बसल्या. पुलाव दोनदा घेतला!

बाईची लाज राखली. कुणाला कळलंसुद्धा नाही.

रविवार, १४ सप्टेंबर

सकाळी शैलजाकाकूंचा फोन. "धर्मा, आपांच्या भिंतीवरची रोटी कुणी काढली?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"अरे, त्यांचा मुलगा जसूर आर्मीत आहे. लांब कुठंतरी पाठवलाय. निघताना त्यांच्यात आई मुलाला रोटीचा एक घास चावायला लावते, उरलेली टांगून ठेवते. तो परत येऊन ती संपवतो. तोवर हात नाही लावायचा कुणी. रडत होत्या रे. पुढच्या महिन्यात यायचाय तो. तू काढलीस का?"

"नाही."

नाही!! किती पटकन आलं तोंडातून. आणि तेवढ्यावर थांबलो असतो तरी... पुढं म्हणालो, "गिरिजामावशी काहीतरी बोलत होत्या. त्यांना विचारा."

दिवसभर खोलीत पडून आहे. जेवलो नाही. कबुतरं डोळ्यांपुढून हलत नाहीत. एक पांढरं होतं, तेच सगळ्यात जास्त खात होतं.

सोमवार, १५ सप्टेंबर

गिरिजामावशींचा फोन. "धर्मा, मी बोलले ते चुकलंच. पण हात लावला का रे मी? तू तर तिथंच होतास. सांग ना शैलजाला. सूनसुद्धा कशी बघतेय माझ्याकडे."

म्हणलं, "मावशी, व्हॅन चालवतोय, नंतर करतो."

व्हॅन दारात उभी होती.

बुधवार, १७ सप्टेंबर

करू नये ते केलं.

ब्रुकलिनला गेलो. उझबेक बेकरीतून तसलीच रोटी घेतली, मध्ये नक्षी, वर तीळ. व्हॅनमध्ये बसलो. चावा घ्यायचा तर तोंड उघडेना. आई आपल्या हातानं पोराच्या तोंडाशी धरते ती रोटी. आणि मी पार्किंगमध्ये, काचा वर करून, चोरासारखा. शेवटी डोळे मिटले आणि चावलो. घास गिळता आला नाही. थुंकताही येईना. किती वेळ तसाच तोंडात.

रोटी डॅशबोर्डवर ठेवलीय. हीटर लावून वाळवतोय.

शनिवार, २० सप्टेंबर

नवा ग्रुप होता. सगळे भरतकाम बघत होते तेव्हा खिळ्याला टांगली. सुतळी दोनदा निसटली.

आपा किटली घेऊन आल्या. थांबल्या.

जवळ गेल्या. हात लावला नाही. चाव्याकडे बघत राहिल्या. मग माझ्याकडे वळल्या. "मिला?"

म्हणलं, "कपाट के पीछे गिरा था, आपा."

तिथं कपाट नाहीच. भिंतीला नुसता पडदा आहे.

किटली घेऊन वळल्या. सगळ्यांना चहा दिला. मला शेवटी. कपाच्या तळाला जेमतेम चहा, दोन घोट. ग्रुपमधल्या सगळ्यात म्हाताऱ्या काकांनासुद्धा एवढा कमी नव्हता. मला!

उचललाच नाही तो कप. व्हॅन पुसायचं निमित्त करून बाहेर आलो. पायऱ्यांवर परत तीच कबुतरं. जवळ आली, ओळखल्यासारखी.

रविवार, २१ सप्टेंबर

शैलजाकाकू खूश. "रोटी मिळाली म्हणे! टूर तुझी पक्की." मला हवं होतं ते हेच. आता नको झालंय. दर शनिवारी त्या भिंतीसमोर उभा राहून पाहुणचार कसा असतो ते सांगू?

जुना मित्र राकेश कधीचा बोलावतोय प्लेनोला. "यार, टेक्सासला ये. इथं माणूस पाहिजे."

निघतो. माझं हे नेहमीचंच. पण मावशींचं ओझं घेऊन जाववेना. काकूंना व्हॉइस मेसेज टाकला. "मावशींचा काही दोष नाही. रोटी मी काढली. मीच कबुतरांना घातली. खोटं बोललो." तिथंच बोट उचललं. भिंतीवर आता आहे ती कुणाची, ते बोललोच नाही. आपांचा पोरगा येईल, माझं उष्टं त्याच्या तोंडी जाईल. त्याची आईच भरवेल त्याला!

मेसेज ऐकल्याच्या दोन निळ्या रेषा आल्या. फोन बंद केला.

रविवार, १२ ऑक्टोबर, प्लेनो

राकेशच्या हॉटेलात मला कुठं उभं केलं असेल? तंदूरवर. दिवसभर रोट्या! प्रत्येकीवर तो चावा दिसतो.

गिरिजामावशींचा मेसेज, "जेवतोस ना रे नीट?" बस, एवढंच. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

रविवार, २ नोव्हेंबर

आपांनी फोटो पाठवलाय. जसूर घरी आलाय. हातात ताजी, वाफाळती रोटी, तोंड भरलेलं, आपा बाजूला. मागं भिंतीवर माझी तशीच टांगलेली. खाली इंग्लिशमध्ये काहीतरी. राकेशकडून वाचून घेतलं—

"ज्या दिवशी टांगलीस त्याच दिवशी ओळखली. अर्ध्या दाताची खूण आहे तिच्यावर. जसूरनं विचारलं, ही कुणाची? म्हणलं, एक अजून यायचाय."

राकेश विचारतोय, "कोण आहे यार ही बाई?"