रविवारच्या फोनपुरती आई

३ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पाकीट पोचलं. फोनवर मुकादम शेजारी उभा राहून स्पीकर चालू ठेवायला लावतो, म्हणून खरं काय ते पत्रातच लिहायचं, असं आपलं ठरलंय. तर खरं हे, की माझं डोकं फिरलं आहे.

काल गोडबोल्या एजंट पुन्हा घर बघायला आला. घरी लहान मूल असलेल्याच बाया तो तिकडे परदेशातल्या शेतावर पाठवतो, म्हणजे हंगाम संपला की मुकाट परत येतात. तुला मूल नाही, म्हणून आपण माझी पोर तुझी म्हणून दाखवली. तेव्हा दोघी पोट धरून हसलो होतो. आता तो आला की माझी लेक मला मावशी म्हणते, बापाला काका म्हणते, आणि मी हसऱ्या तोंडानं चहा टाकते. काल तो गेल्यावरही ती मावशीच म्हणत राहिली. मी धपाटा घातला, मग तिला जवळ घेऊन रडत बसले.

तू का गेलीस हे मला कोणी सांगायला नको. आपण बाया ज्या शेतात आठवडाभर वाकून खुरपायचो, तिथे आता तुझे भाऊजी पाठीवर पंप लावून सकाळभरात तणाचं औषध मारून मोकळे होतात. मालक सांगेल ते करायचं, त्यांचा तरी काय दोष! पण परवा मी बोललेच, आणि ते ताटावरून उठले. एजंट म्हणतो, पुढच्या हंगामात तुम्हीही चला. आता मी कोणाचं पोर उसनं आणू?

पाठीला जप. रागाचं मनावर घेऊ नकोस, तो तुझ्यावर नाही.

तुझी,
ताई

---

१४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

धपाटा घातलास हे वाचून तुझाच राग आला. पुन्हा हात लावलास तर याद राख, कागदोपत्री मी तिची आई आहे.

इथे पत्र्याच्या खोलीत आम्ही दहा जणी. वरच्या पलंगावर उठून बसलं की डोकं छताला लागतं. दिवसभर प्लास्टिकच्या बोगद्यात वाकून स्ट्रॉबेरी खुडायची, तीही देठाला धरून. फळाला बोट लागलं की डाग पडतो आणि मुकादम अख्खा क्रेट परत टाकतो. संध्याकाळी कंबर सरळ होत नाही. पण कामाला आपण कधी भ्यालो नाही.

सहन होत नाही ते वेगळंच. माझ्या खालच्या पलंगावरची बाई अंगावरचं पोर सासूकडे टाकून आली आहे. पोराचा ताप हटत नाही. तिनं घरी जायला पासपोर्ट मागितला, तर मुकादम म्हणाला, हंगाम संपल्यावर. वर म्हणाला, पोर आजारी असेल तर हात जरा भरभर चालव, औषधाला पैसे लागतील. ताई, वासरू खुंट्याला बांधून गाय लांब चरायला सोडावी, तसं यांनी आम्हाला सोडलंय. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होतो.

तिला पासपोर्ट मिळेपर्यंत क्रेटला हात लावायचा नाही, असं सगळ्यांच्या मनात आहे. पण मुकादमासमोर बोलायचं कोणी? जी बोलेल तिच्या घरी एजंट जाणार. मी तोंडाची फटकळ, म्हणून सगळ्या माझ्याकडे बघतात. पण तो जाईल ते घर तुझं, आणि पोर तुझी. म्हणून विचारते. तू नको म्हणालीस तर तोंडाला कुलूप लावीन.

अजून एक. रविवारी ती आई म्हणते, ते खोटं आहे हे ठाऊक असून मी त्यावर आठवडा काढते. तेवढं पोटात घाल.

तुझी,
धाकटी

---

२६ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून आधी तुलाच शिव्या घातल्या. नसती उठाठेव करू नकोस, असं लिहायला बसले, दोन ओळी लिहिल्याही. तेवढ्यात गोडबोल्या दारात हजर.

तिकडून कुणीतरी चुगली केली असणार. माझ्याकडे त्यानं पाहिलंही नाही. पोरीला जवळ ओढलं, डोक्यावरून हात फिरवला आणि गोड आवाजात सांगितलं, की तुझी आई तिकडे फार तोंड चालवते, अशीच वागली तर तिला घरी येऊच देणार नाही. रविवारी फोनवर रडून सांग तिला. आणि मी तिची आई, चार पावलांवर चहाचं भांडं धरून मावशी बनून उभी! पोरीनं माझ्याकडे पाहिलं. कुठली आई जाणार आहे, हेच तिला कळेना. ओठ काढून ती रडायच्या बेतात आली.

मग माझा ताबा सुटला. तिला त्याच्या हातातून ओढून घेतलं आणि सांगितलं, की ही माझ्या पोटची आहे, तिकडे आहे ती हिची मावशी, आता कुणाला धाक घालायचा तो घाल. त्याचा चेहरा उतरला. मग पुन्हा साखर पेरायला लागला. बिनमुलाची बाई पाठवली हे वर कळलं तर त्याचीच मान अडकते. म्हणून म्हणाला, तुम्ही गप्प, मीही गप्प, फोनवर पोरीला आई म्हणू दे, तुमचीही सोय पुढच्या हंगामात करतो. तुझे भाऊजी पंप पाठीवर तसाच घेऊन दारात येऊन उभे राहिले होते. त्यांनी फक्त त्याच्या चपला उचलून बाहेर ठेवल्या. त्या दिवशी त्यांना मी आग्रह करकरून वाढलं.

तेव्हा माझं उत्तर हे, की बोल. त्या सगळ्यांत तू एकटीच अशी, जिचं वासरू त्यांच्या खुंट्याला नाही. आधी खालच्या पलंगावरचीचा पासपोर्ट माग, मग तुझा. तुझं काम जाईल, माझाही रस्ता बंद होईल. इथे आल्यावर औषध मारलेल्या शेतात आपण दोघी काय खुरपणार, मला माहीत नाही. मला त्या माणसाचा हात माझ्या पोरीच्या डोक्यावर पुन्हा नको आहे.

उद्या बायांची दुसरी तुकडी निघते. त्यातल्या सुतारणीच्या हाती हे पत्र देते, शनिवारपर्यंत मिळेल.

तुझ्याकडून एक हाक काढून घेते आहे, हे कळतंय मला. तेवढा राग माझ्यावर असू दे, पण घरी ये.

तुझीच,
ताई

ता. क. रविवारी फोन लाव. मुकादमाला स्पीकर मोठा करायला सांग, बाकीच्या बायांनाही जवळ बोलाव. पोरगी तुला मावशी म्हणणार आहे.