पठारावरील हवेविषयी माझे आक्षेप

प्रिय मेहुणे यांस, वडीलकीच्या नात्याने आशीर्वाद.

आपली प्रकृती उत्तम असेल असे गृहीत धरतो. वेधशाळेच्या खर्चाने महिनाभर दौऱ्यावर गेलेल्या माणसाची प्रकृती बिघडल्याचे ऐकिवात नाही. माझी प्रकृती वादविवादापुरती ठीक आहे. आपण नसताना आपल्या घरी राहून आलो, त्याचा वृत्तान्त यजमानास कळवणे हा शिष्टाचार आहे. आपल्या भगिनी (त्या माझ्या पत्नीही आहेत, याचा पठारावर सर्वांना विसर पडलेला दिसला) श्वास मोकळा व्हावा म्हणून आठवड्यासाठी आपल्याकडे आल्या, त्याला आता तीन ऋतू लोटले. त्यांना परत आणणे हा माझ्या प्रवासाचा एकमेव हेतू होता.

निघण्यापूर्वी मी रीतसर अनुमान केले. डोंगर चढावा तसा पाऊस वाढतो. पठार डोंगराच्या माथ्यावर आहे. सबब पठारावर सर्वांत जास्त पाऊस असणार. त्यानुसार गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, घोळदार रेनकोट आणि छत्री (ती उडालीच तर दुसरी छत्री) असा जामानिमा केला. घाटात बसच्या काचेवर पाऊस असा कोसळत होता, की स्वतःच्या तर्कशक्तीबद्दल मला नव्याने आदर वाटू लागला. तो शेवटच्या वळणापर्यंत टिकला. बस माथ्यावरून थोडी आत गेली आणि लख्ख ऊन पडले. आपल्या गल्लीत शिरलो तेव्हा धूळ उडत होती, आणि कोपऱ्यावरचा शिंपी शिवणयंत्र थांबवून अतिशय अदबीने म्हणाला, “आजोबा, पूर कुठे आलाय?” (पठारावरच्या लोकांना विनोदबुद्धी असते असे आपण म्हणत होता. मला ती तिथल्या हवेसारखीच विरळ वाटली.)

भगिनींनी आधी बूट बाहेर काढायला लावले, कुशल नंतर विचारले. आपल्या गैरहजेरीत अंगणातील पर्जन्यमापक आणि तापमापक त्याच वाचतात व कार्यालयाला फोनवरून आकडे कळवतात, हे आपण मला सांगितले नव्हते. (तर्कशास्त्रावरच्या माझ्या एकाही निबंधाकडे त्यांनी त्या तापमापकाइतक्या प्रेमाने पाहिलेले नाही.) त्यांचे प्रतिपादन असे: समुद्राकडची दमट हवा पठाराच्या कड्याला अडते, वर चढते, थंड होते आणि सगळे पाणी चढावरच ओतून मोकळी होते; माथ्यावर पोहोचते ती कोरडी, आणि पलीकडच्या मुलखाला नुसते ढगांचे दर्शन. उन्हाळ्यात हेच पठार तव्यासारखे तापते, त्यावरची हवा हलकी होऊन उठते आणि खालची ओढून घेते. म्हणजे पठार स्वतः जागचे हलत नाही आणि आसपासच्या सर्वांना हलवते. (हा गुण आपल्या घराण्यात मी पूर्वीही पाहिला आहे.)

येथवर मी मान डोलावली. मग त्या म्हणाल्या, की आमचे बिऱ्हाड नेमके कड्याच्या पायथ्याशी, जिथे ती दमट हवा तुंबते तिथे आहे. सबब आमच्या भिंतींवरची बुरशी पठाराची देणगी आहे. ही ओल घरात कपडे वाळत घालण्याच्या त्यांच्या सवयीमुळे येते, असा सिद्धान्त मी लग्नापासून मांडत आलो आहे आणि तो आजवर अबाधित होता (त्यांना धाप लागत असल्यामुळे प्रतिवाद नेहमी अर्धवट राहत असे). मी आक्षेप घेतले. एक तर पठार हे घरगुती तक्रारीत पक्षकार होऊ शकत नाही. दुसरे, एका भिंतीवरून साऱ्या प्रदेशाच्या हवामानाचा निष्कर्ष काढणे ही घाई आहे. तिसरा आक्षेप मांडणार, तोच त्यांनी हात वर केला.

“तुमचं सगळं बरोबर असेल हो. पण इथे मला एका दमात पूर्ण वाक्य बोलता येतं.”

ते वाक्य त्यांनी खरोखरच एका दमात पूर्ण केले होते. विधान आणि पुरावा एकदमच सादर करणे नियमाला धरून नाही, असे मी म्हणणार होतो. दुसऱ्या दिवशी त्या माझ्यापुढे टेकडी चढल्या आणि वरून म्हणाल्या, “या सावकाश.” मी एकटाच परत आलो.

सारांश, आपले पठार कोरडे, दुसऱ्याचे पाणी अडवणारे आणि वृद्धांची अप्रतिष्ठा करणारे आहे. तेथे पुन्हा जाण्याचे मला काही प्रयोजन दिसत नाही.

आपला (अद्याप तरी)
भावोजी

ता. क. पश्चिमेकडच्या खोलीत आपण अडगळ ठेवता. तीत एक खाट मावेल का, हे केवळ कुतूहलापोटी विचारतो.

पुन्हा ता. क. हा विचार आपणांस आपणहून सुचला, असे भगिनींना भासवावे. त्या नाही म्हणाल्यास वाद घालू नये. माझा अनुभव आहे.

शेवटचा ता. क. त्यांचा होकार गृहीत धरून मी कालच घरमालकाला घर सोडतो म्हणून सांगितले. निष्कर्ष आधी आणि आधारविधान मागाहून, या चुकीसाठी मी विद्यार्थ्यांना नापास करत असे. ते विधान तेवढे तिच्या तोंडून मिळवून द्यावे.