आत्याचं झाकण आणि वर चढलेलं युरेनियम

तीर्थस्वरूप आत्यास,

साष्टांग नमस्कार. (हातमोजे काढून, हात दोनदा धुऊन मगच लिहायला बसले आहे, तेव्हा कागदाला बेलाशक हात लाव.) गुडघे कसे आहेत? पत्र वाचून दाखवणाऱ्या पोस्टमनकाकांनाही नमस्कार. काका, कंसातलंही वाचा, नाहीतर आत्या घाबरेल.

आत्या, आनंदाने मला घास गिळवत नाहीये! कोरड्या मुलखात पुरलेलं युरेनियम मातीतून कुठे जातं, हे आम्ही प्रयोगशाळेत शोधतो, हे तुला ठाऊक आहेच. (बॉम्ब नाही. शेजारच्या मावशींना पुन्हा सांग.) काचेच्या उंच नळ्यांत चुनखडीची माती भरायची, मधोमध चिमूटभर युरेनियम, वरून जरासं पाणी आणि उन्हाऐवजी दिवा. आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमचं म्हणणं, ते पाण्याबरोबर खालीच जाणार. आता उघडं भांडं दिसलं की आपल्या घरात काय करतात, तूच सांग! माझा हात आपोआप गेला. माझ्या डब्याचं झाकण हरवलं म्हणून तू दुधाच्या पातेल्यावरचं दिलं होतंस ना ("परत आण" असं बजावून), ते धुऊन खिशात होतं. ते एका नळीवर ठेवलं आणि सुट्टीवर गेले.

परत येते तर मॅडम झाकण चिमट्यात धरून उभ्या!

"हे कुणाचं?"

"आत्याचं." (खोटं कसं बोलू?)

"आत्या इथे कामाला आहे?"

प्रयोग बिघडवला म्हणजे गच्छंती, आणि आपल्या घरातली पहिली शिकलेली मुलगी ट्रंकेसकट तुझ्या दारात. नाक पुसत पुसत मी प्रत्येक नळीतली माती थराथराने काढून तपासली. तर काय! झाकलेल्या नळीत युरेनियम खाली उतरलेलं. उघड्या नळ्यांत दिव्याच्या उष्णतेने पाणी वर ओढलेलं आणि त्याच्यामागोमाग युरेनियमही, थेट वरच्या पांढऱ्या खारट पापुद्र्यात! म्हणजे असला कचरा नुसता मातीखाली पुरून भागायचं नाही, आत्या, तो वर येईल! झाकण नसतं, तर पाणी वाफ होऊन उडतं म्हणूनच ते वर चढतं, हे कळलंच नसतं. मॅडम माझे आकडे वहीत उतरवत म्हणाल्या, "तू राहतेस. आत्याला नमस्कार कळव."

तुझी (अजून नोकरीत असलेली) भाची

ता. क. नळ्या रिकाम्या करताना झाकणाला युरेनियमची माती लागली. ते किरणोत्सारी कचऱ्याच्या पिवळ्या पिंपात सीलबंद झालं, आता परत येणार नाही. काका, हे वाक्य उंबऱ्याबाहेर उभं राहून वाचा.

ता. क. (काका, हे मात्र मनातच वाचा.) मॅडमना प्रयोग पुन्हा करायचा आहे. त्याच मापाचं झाकण आत्याच्या चहाच्या भांड्यावर आहे. काका, ती ओरडण्यात गुंतली की हळूच टपालाच्या पिशवीत टाका.