प्लास्टर केलेला एकच कॉलम

११ फेब्रुवारी
हडपसरच्या पुढची नवीन साइट. क्लायंट धोटे काका-काकू, अकोल्याचे. काका एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त. मुलगी इथे आयटीत, म्हणून तिकडचं घर विकून इथे दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतलाय. बांधकाम चालू असतानाच बाहेरच्या माणसाकडून तपासून घ्यायचं, हे मुलीचं डोकं. बिल्डरने परवानगी दिली, पण एरंडेल प्यायल्यासारखा चेहरा करून.
साइट इंजिनिअर म्हणून समोर कोण, तर आमचा अझहर! तो या बिल्डरकडे आहे हे माहीत होतं, या साइटवर आहे हे नव्हतं. "आपा, तू?" हेल्मेट काढून हसला. अगदी अब्बांसारखा हसतो.
धोट्यांना तिथल्या तिथे सांगितलं, हा माझा सख्खा भाऊ, तुम्हाला तपासायला दुसरं कोणी हवं असेल तर बघा. काकू म्हणाल्या, "उलट बरंच झालं न बाई. दोघंही घरचेच."
मला ते ऐकून बरं वाटलं. वाटायला नको होतं.

२६ फेब्रुवारी
धोट्यांचा स्लॅब भरायच्या आधीची तपासणी. सळयांमधली अंतरं मोजली. दोन ठिकाणी सळई फळीला टेकली होती, अझहरने माझ्यादेखत उचलून घेतली. कामगारांवर ओरडत नाही, समजावून सांगतो. डिप्लोमाला होता तेव्हा बीमच्या आकृत्या मीच शिकवल्या त्याला, स्वयंपाकघरात बसून. अब्बा गवंडीकामावरून यायचे आणि हात न धुता तसेच बघत उभे राहायचे. आज असते तर…

१४ मार्च
स्लॅबला पाणी नीट मारलंय. तशी नोंद केली.
निघताना खाली पार्किंगमध्ये डोकावले. सगळे कॉलम उघडे, एकालाच प्लास्टर. वर अजून विटांचा पत्ता नाही आणि इथे प्लास्टरची कसली घाई? हातोडीने वाजवून पाहिलं. गुडघ्यापासून कमरेपर्यंत आवाज पोकळ. फोटो काढला.
अझहर म्हणाला, "सॅम्पल आहे, आपा. फिनिशिंगचं." बोलताना मोबाइलकडे बघत होता. स्क्रीन बंद होती.

१६ मार्च, रविवार
अझहर आणि त्याची बायको झीनत जेवायला आले. झीनतला सातवा महिना. अम्मी तिला उठूच देत नव्हती.
जेवण झाल्यावर अझहरला गॅलरीत गाठलं. आधी चिडला, मग सगळं बोलला. कॉलम भरताना काँक्रीट हलवून बसवणारा व्हायब्रेटर बंद पडला, तरी काम थांबवलं नाही. फळ्या काढल्या तर आत पोकळी, सळया उघड्या. बिल्डरचे प्रोजेक्ट मॅनेजर, त्याचे साहेब, म्हणाले, बुजवून टाक. याने बुजवला आणि कागदावर 'ठीक' लिहून सही केली.
"तुझं काम त्यांच्या फ्लॅटपुरतं आहे, आपा. पार्किंग तुझ्यात येत नाही."
"आणि तो फ्लॅट कशावर उभा आहे?"
गॅलरीचा कठडा नखाने खरवडू लागला. मग हळूच, "आठ दिवस दे. कन्सल्टंटला बोलावून नीट करून घेतो."
दिले. भाऊ म्हणून दिले. दुसऱ्या कुणाला आठ तास दिले नसते.

२४ मार्च
नीट कसलं! खालच्या सगळ्याच कॉलमना प्लास्टर झालंय. त्यातला तो कुठला, आता नुसतं बघून कुणाला कळणार नाही. अझहर सुट्टीवर आहे म्हणे. त्याची बाईक गेटपाशीच उभी होती.

२५ मार्च
रिपोर्ट लिहायला बसले. "पार्किंगमधील कॉलम" एवढं लिहून उठले. भांडी घासली. पुन्हा बसले. नाही.

२६ मार्च
लिहिला. कॉलम लिहिला, अझहरने तोंडी सांगितलेलं लिहिलं, साहेबांचं लिहिलं, आमचं नातं लिहिलं. मी आठ दिवस गप्प बसले तेही लिहिलं. स्वतः नेऊन दिला.
काकांनी दोनदा वाचला. "मॅडम, बिनब्रेकची गाडी आमी कधी वर्कशॉपाबाहेर सोडली नाही. पण हे लिहिताना तुमाले काय झालं असंन, ते समजते मले." काकू रडायला लागल्या. घरासाठी की माझ्यासाठी, कळलं नाही.
खाली येऊन अझहरला फोन केला. आधी करायला हवा होता. "दिलास?" एवढंच म्हणाला.

३ एप्रिल
अझहरला काढलं. पत्रात सगळा दोष त्याच्या एकट्याचा, म्हणे 'कंपनीला अंधारात ठेवून' केलं. पुरावा म्हणून, धोट्यांनी बिल्डरला दिलेला माझाच रिपोर्ट जोडलाय. साहेबांबद्दलची ओळ असलेलं पान तेवढं नेमकं जोडायचं राहिलं. वा!
अम्मीला सगळं सांगितलं. शांतपणे ऐकलं तिने. म्हणाली, "तू खोटं काही केलं नाहीस. पण आत्ता मला तुझ्याकडे बघवत नाही."

५ एप्रिल
अम्मी विश्रांतवाडीला गेली, अझहरकडे. झीनतला सोबत हवी म्हणून. बॅगेत स्वेटर आणि शालही भरली होती. या उन्हाळ्यात. काही न विचारता मी बॅग रिक्षात ठेवली.

१९ मे
शेजारच्या परवीनखालांनी जिन्यात थांबवून मुबारक दिली. मला भाची झाली. परवाच. मला आत्ता कळतंय.
तशीच हॉस्पिटलात गेले. अझहर वॉर्डच्या दारात. वाळलाय, दाढी वाढलीये. मी तोंड उघडायच्या आत म्हणाला, "आज नको, आपा. झीनत झोपलीये." आतून झीनत अम्मीशी बोलत असलेली ऐकू येत होती.
दुपटं त्याच्या हातात दिलं. घेतलं त्याने. खाली बसस्टॉपवर तीन बस सोडून दिल्या. कुठे जायचं ते सुचत नव्हतं.

४ जून
धोटे आणि बाकीच्या फ्लॅटवाल्यांनी मिळून बाहेरचा कन्सल्टंट आणला. प्लास्टर फोडलं. एक नाही, तीन कॉलम तसले निघाले. बाकी दोघांत पोकळी आतल्या आत होती, मार्चमध्ये वरून दिसली नसती. दुरुस्ती होईपर्यंत वरचं काम बंद. लोक येऊन माझे हात हातात घेत होते. एका बाईंनी तर वाकून नमस्कार केला. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.
काकूंनी बाजूला घेऊन विचारलं, "भाऊ कसा आहे?"
"माहीत नाही," म्हणाले.
संध्याकाळी सगळे वकिलांकडे जमलो, पोलिसांत तक्रार करायचं ठरलं. वकील म्हणाले, बुजवायला कुणी सांगितलं हे त्या इंजिनिअरने लेखी दिलं, तर साहेबांना हात झटकता येणार नाहीत. नाहीतर सगळं त्या पोरावरच. खोलीतले सगळे माझ्याकडे बघायला लागले.

८ जून
अझहरचा फोन. रिपोर्ट दिल्यानंतर पहिल्यांदाच. "बोल" म्हटलं. मग म्हणाला, धोटेकाका घरी येऊन गेले. रागावले नाहीत. चहा घेतला, जाताना एवढंच म्हणाले, "पोरा, खरं काय ते लिहून दे."
एका ठिकाणी नोकरी जवळजवळ ठरलीये त्याची. त्याच साहेबांच्या शब्दावर. लिहून दिलं की ती गेली. शिवाय सही त्याची आहेच, पोलीस आधी त्यालाच विचारणार.
"तू सांग, आपा. देऊ का लिहून?"
मार्चमध्ये मला सगळं किती स्पष्ट दिसत होतं. आज "हो" म्हणायला गेले तर भाची डोळ्यांसमोर आली. "नको" म्हणायला गेले तर ते तीन कॉलम.
"आपा?"
"ऐकतेय."
त्याने फोन ठेवला नाही. मीही नाही.