कवडीचं अंथरूण

देवरी,
१९ फेब्रुवारी १९५६

प्रिय रुख्मे,

टपालाच्या कार्डावर मी तुला 'चि. सौ. रुख्मास अनेक आशीर्वाद' असं लिहितो, कारण ते कार्ड तुझ्या हाती पडायच्या आधी तुझे सासरे ओसरीवर मोठ्याने वाचून दाखवतात हे मला ठाऊक आहे. हे पत्र त्या वाटेने येणार नाही. आपल्या शेजारची बायजाबाई मंगळवारी आमगावच्या बाजाराला अंडी घेऊन जाते आहे. तिच्या टोपल्यात अगदी तळाशी, तुसाखाली, हे ठेवून देतो. अंडी विकायच्या निमित्ताने ती तुझ्या दारी थांबेल. तुला चौथीपर्यंत शिकवलं तेव्हा गाव मला हसलं होतं. त्या शिकण्याचा आज उपयोग होऊ दे. वाचून झालं की चुलीत घाल.

घरची खबर म्हणजे, तुझ्या आईचा गुडघा थंडी कमी झाली तसा बरा आहे. धान घरात आलं. मोहाला अजून फुलं धरायची आहेत. आणि तुझ्या कोंबड्या जिवंत आहेत. तुझ्या लग्नानंतर त्यांचं आई बघायची, पण कार्तिकात तुला आमगावला परत पोचवून आलो तेव्हापासून मीच बघतो. आई म्हणते, "जलमात बैलाइले येवढं जपलं नाही, अन् आता कोंबड्याइच्या मांगं मांगं फिरून राहिले." म्हणू दे. काऊन फिरतो ते तिलाही माहीत आहे आणि मलाही.

खुराड्यात काय अंथरावं यावर माणूस एवढी डोकेफोड करू शकतो, हे मला या वयात कळलं. तू किंवा आई बघायचात तेव्हा ते आपोआप होत असे. मी हाती घेतल्यावर आठ दिवसांत खुराड्याला असा वास सुटला की आईने मला नाकाला पदर लावूनच जेवायला वाढलं. मग मी बकारामच्या लाकूड चिरायच्या आऱ्यावरून भुसा आणला, दोन पोती. तो इतका बारीक की कोंबड्या उकरायला लागल्या की धुराळा उठे, त्या शिंकत आणि मीही शिंके. मग मोहाची वाळकी पानं घातली. ती दोन दिवसांत विष्ठेने चिकटून त्यांची पोळीच झाली. शेवटी तणस, धान झोडून उरलेली. आपल्या घरी धानाची तणस असताना मी गावभर कशाला हिंडलो, असं वाटून मी स्वतःवरच खूश झालो. त्या खुशीतच पुढचा घोळ झाला.

संक्रांत झाल्यावर तुझी कवडी, ती पांढऱ्यावर काळ्या ठिपक्यांची, खुडूक झाली. म्हटलं, रुख्माची लाडकी कोंबडी आहे, काही कमी पडायला नको. तिच्यासाठी खुराड्यातला कोपरा मी सकाळी स्वतः शेणाने सारवला, देवाचा पाट मांडायची जागा सारवावी तसा. त्यावर लगेच नवी तणस पसरली आणि अकरा अंडी मांडली. वरून इतकं पिवळंधमक आणि स्वच्छ दिसत होतं की मी तुझ्या आईला हाताला धरून दाखवायला नेलं.

तिसऱ्या दिवशी कवडी अंड्यांवरून उठली. मी तिला धरून परत बसवली. ती पुन्हा उठली. मी पुन्हा बसवली आणि वर डालगं झाकलं. बांबूचं ते डालगंही तिने ढकलून दिलं, तेव्हा मी त्यावर दगड ठेवला. आत ती फडफडत होती. मी बाहेर बसून तिला चक्क बोललो, बाईच्या जातीने असं घर टाकून उठायचं नसतं. तुझी आई दारात उभी होती. त्या दिवशी जेवताना तिने माझ्यापुढे पाण्याचा तांब्या असा आदळला की अर्धं पाणी ताटात.

चौथ्या दिवशी डालगं उचललं तर दोन अंडी फुटलेली आणि कवडी कोपऱ्यात पंख मिटून उभी. दाणा टाकला तर बघेना. मी संतापून तिला शिव्या घालत होतो, तेवढ्यात बायजाबाई चुलीसाठी विस्तव मागायला आली. ती जंगलात वाढलेली बाई, तोंडदेखलं काही बोलायची तिला सवय नाही. म्हणाली, "दादा, कोंबडीले कायले शिव्या देऊन राहिला? अंड्याखाली हात घालून पाह्यला का?" मी नव्हता घातला. चार दिवसांत एकदाही नाही. तिने माझं मनगट धरून माझा हात तणशीखाली खुपसला. वरून कोरडी असलेली तणस खाली काळी पडून बुरसली होती. सारवण वाळायच्या आत मी त्यावर अंथरलं होतं, आणि ती ओल आतल्या आत कोंडून राहिली होती. ओल्या गारठ्यात बसून त्या कोंबडीचं पोट उघडं पडलं होतं, पिसं झडून लाल झालं होतं. आणि मी दगड ठेवून तिला त्यावरच बसवत होतो.

त्या दिवसापासून मी बायजाबाईचा शिष्य आहे. तिने सगळं उपसून जमीन दोन दिवस उन्हाने तापू दिली. मग बोटभर चुलीची राख, त्यावर चार बोटं धानाचं तूस, त्यावर हातांनी चोळून मऊ केलेली तणस, मधे वाटीसारखा खळगा, म्हणजे अंडी घरंगळत नाहीत. पिसवा होऊ नयेत म्हणून निरगुडीचा पाला. तूस मुठीत दाबून सोडायचं. गोळा राहिला तर ओल आहे, फेकून द्या. भुरभुर सुटलं तर चांगलं. आता मी रोज सकाळी मूठ दाबून बघतो. गावातले लोक हसतात, आणि खरं सांगू का, मला त्याचं काही वाटत नाही. नवी नऊ अंडी मांडली. कवडी स्वतःहून येऊन बसली, डालगं लागलं नाही. परवा सात पिलं निघाली.

रुख्मे, आता ज्याच्यासाठी बसलो ते लिहितो. कार्तिकात तू न कळवता एक पेटी घेऊन आलीस आणि म्हणालीस, बाबा, मले तिथं राहावत नाही. पहिले दोन दिवस तू नुसती झोपत होतीस. भात असा खाल्लास की तुझी आई चुलीकडे तोंड करून रडली. भांडं पडलं की दचकत होतीस. मी हे सगळं पाहिलं, आणि काय झालं हे एकदाही विचारलं नाही. लोक काय म्हणतील, तेवढंच माझ्या डोक्यात होतं. चौथ्या दिवशी मी तुला गाडीत बसवलं. तुझ्या सासरचं अंगण सारवलेलं होतं, भिंतीला चुना होता, मला पितळी कपात चहा दिला. चांगलं घर आहे, असं आईला येऊन सांगितलं. तू आतल्या दाराला धरून उभी होतीस आणि मी तुझ्याकडे न बघता निघालो. बापाने लेकीची गोष्ट कोंबडीशी जोडून लिहू नये, पण मला दुसरी समज आली नाही ग, हीच आली, आणि तीही उशिरा. मी चुकलो. तुझी मधली खोली आम्ही रिकामी केली आहे. आईने गादी चार दिवस उन्हात टाकली, आणि मी रोज तिच्याखाली हात घालून बघितला. गुरुवारी सकाळी मी बैलगाडी घेऊन येतो आहे. या वेळी ओसरीवर बसणार नाही, चहाही घेणार नाही. आत येईन आणि आधी तुलाच विचारीन, आणि तू जे सांगशील ते उभ्यानेच सगळं ऐकीन. तुला यायचं असेल तर पेटी भरू नकोस, नुसती माझ्याबरोबर चल. डालग्यावर तो दगड मी ठेवला होता, पोरी. उचलायलाही मीच येतो आहे.

तुझाच,
बाबा
(चैतराम)